टोचणाऱ्या कवळ्या

समुपदेशक मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "पुढच्या भेटीला घरातलं कुणी सोबत आलं तरी चालेल." कुणी म्हणजे एखादं माणूस, असा त्यांचा साधा समज. या घरात एखादं माणूस असा प्रकारच नाही, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. गुरुवारी दुपारी कवळ्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं आणि औषधांच्या दुकानावरच्या त्या खोलीचा अरुंद जिना आप्पांच्या मागोमाग अख्खं घर धापा टाकत चढून आलं.

खोलीत खुर्च्या चारच होत्या. मग थोरल्यानं बाहेरच्या बाकाचं एक टोक धरलं, धाकट्यानं दुसरं, आणि दोघांनी तो आडवा-उभा करत आत आणला. थोरल्यानं धाकट्याला त्या दुसऱ्या बाईबरोबर सिनेमाच्या रांगेत पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, त्यानंतर दोघा भावांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम. बाक ठेवल्यावर दोघं त्याच्या दोन टोकांना बसले आणि मधे सासूबाई बसल्या, धाकट्याच्या बाजूला पर्स ठेवून.

"चला, सुरुवात करू या," आप्पा म्हणाले. खोली मॅडमची होती, पण आप्पांना कुठल्याही खोलीत सुरुवात आपणच करायची सवय. "मॅडम, आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. धाकट्याचं चुकलं. आम्ही सगळे सुनेच्या बाजूनं आहोत. तुम्ही तिची समजूत घाला, म्हणजे ती बाहेरगावची नोकरी घेणार नाही."

"कुठली नोकरी?" मॅडमनी विचारलं.

धाकटी सून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "दुसऱ्या गावातल्या मोठ्या डेंटल लॅबमध्ये. आज पाचपर्यंत कळवायचंय त्यांना. हो म्हटलं तर एक तारखेपासून तिकडेच राहीन."

"एकटी," सासूबाईंनी जोडलं आणि रुमाल काढला.

मॅडमनी धाकट्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"त्याला काय वाटणार?" सासूबाई म्हणाल्या. "सोन्यासारखी बायको आहे. पुढच्या दातांना हिच्यासारखा रंग चढवणारं माणूस दाखवा मला कुठे. आणि हा मेला त्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवर जाऊन रमला."

"मी यांना विचारलं होतं," मॅडम हसून म्हणाल्या. "तुम्ही सांगा. काय वाटतं?"

"लाज वाटते त्याला," थोरला म्हणाला. "वाटायलाच पाहिजे. गिऱ्हाइकाच्या दारात असले धंदे! माल पोचवायला मीच जातो ना तिथे. आता मी कुठल्या तोंडानं जायचं?"

धाकटा बाकाच्या टोकाला हात मांडीवर ठेवून बसला होता. बोटांच्या पेरांत गुलाबी मेण अडकलेलं. तो ओठ मिटून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आप्पाच म्हणाले, "मॅडम, उगाच वेळ घालवू नका. त्याला बोलता येणार नाही."

"का?"

"त्याच्या हातचं आहे ना."

मॅडमच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळलं नसल्याचं आप्पांना कळलं, आणि ते खुशीत आले. कारखान्याचे नियम समजावून सांगण्याइतकं सुख त्यांना जेवणातही मिळत नसे. "असं बघा. डॉक्टरांकडून आमच्याकडे तोंडाचा साचा येतो. त्यावरनं आम्ही कवळी करतो. आता एखादी कवळी परत आली, पेशंटला टोचतेय म्हणून, तर ती टेबलावर मधोमध ठेवायची. सगळ्यांनी बघायची. प्रत्येकानं काय चुकलंय ते सांगायचं. पण ज्यानं ती केली, त्यानं एक अक्षर बोलायचं नाही. माझ्या वडिलांचा नियम. ते आणि माझे काका एका कवळीवरून असे भांडले, की काकांनी गावच सोडलं. तेव्हापासून ज्याच्या हातचं, त्यानं गप्प. भांडण नाही, सबबी नाही."

"आणि हा नियम कवळ्यांपुरता आहे?"

"म्हणजे काय!" आप्पा ठसक्यात म्हणाले, आणि मग जरा थांबले. "म्हणजे, मुख्यतः."

सासूबाईंनी रुमाल खाली घेतला. मुख्यतः! त्यांच्या डोळ्यांसमोरून तीस-पस्तीस वर्षांची जेवणं सरकली. आमटी असो, भाजी असो, जे काही खारट झालं असेल ते मधोमध ठेवून आप्पांपासून पोरांपर्यंत सगळे मतं द्यायचे आणि केलं कुणी, तर त्यांनी. म्हणजे त्या गप्प. मुलाच्या परीक्षेतले मार्क असेच. थोरल्याचं मोडलेलं लग्न असंच. त्या दिवशी थोरला टेबलाच्या टोकाला तासभर बसून होता आणि सगळे त्याच्या संसाराबद्दल बोलत होते. सासूबाईंनी बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि त्या धाकट्याच्या बाजूला वीतभर सरकल्या. आप्पांच्या ते लक्षात आलं नाही. थोरल्याच्या आलं.

"मला जावईबापूंच्या बाजूनं बोलायचंय," खुर्चीतून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. विहीणबाई, म्हणजे धाकटीची आई. आल्यापासून त्या पाय जुळवून बसल्या होत्या, शाळेत नुकतंच नाव घातल्यासारख्या. "पुरुष माणूस आहे. घसरला. परत आला ना? ती बाई सुटली ना? मग झालं. पोरीनं आता खोदून खोदून विचारत बसू नये. विचारलं की वाढतं."

"आई, तू गप्प बस," धाकटी म्हणाली.

"बघा, हिलाही सवय लागली तुमच्या घरची," विहीणबाई म्हणाल्या.

आप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "विहीणबाई, मुलगी तुमची आणि तुम्ही बाजू आमच्या गाढवाची घेता?"

"तुमचा मुलगा आहे, तुम्ही घेत नाही म्हणून घेते."

यावर थोरला काहीतरी म्हणाला, त्यावर विहीणबाई काहीतरी म्हणाल्या, आणि पुढचा बराच वेळ खोलीत सगळ्यांनी एकदम बोलण्याचा तो प्रकार चालला, जो या घरात 'शांतपणे चर्चा' म्हणून ओळखला जातो. धाकटी खिडकीतून खाली बघत होती. ऐकता ऐकता तिला एक गोष्ट हळूहळू उमगली. हे सगळे आपल्या बाजूनं आहेत खरे, पण बोलतायत ते आपल्या हातांबद्दल. रंग कोण चढवणार, मोठ्या डॉक्टरांचं काम कोण करणार, नव्या पोरींना शिकवणार कोण. तुला काय झालं, असं महिनाभरात एकानंही विचारलं नव्हतं. ज्यानं विचारायचं, तो तर कॅलेंडर वाचत होता.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण थांबले सगळे. "आप्पा, तुमचा नियम मी उलटा करणार आहे. पुढची दहा मिनिटं फक्त हे बोलतील. बाकी कुणी नाही."

"तो सबबी सांगेल."

"सांगू देत. कारण कुठलं आणि सबब कुठली हे मी बघते. असं का घडलं हे कळलं म्हणजे ते माफ झालं, असं नसतं. पण कळलंच नाही, तर दार बंद करूनही उपयोग नाही. ते दुसरीकडून उघडतं." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "त्या बाई कशा होत्या ते मला नकोय. त्यांच्यासमोर तुम्ही कसे असायचात ते सांगा."

धाकट्यानं घसा साफ केला. पुन्हा केला. इतक्या लोकांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती. खरं तर एकासमोरही नव्हती.

"कवळी परत आली की दवाखान्यातून फोन यायचा," तो म्हणाला. "ती करायची फोन. मी तिथे जायचो, पेशंट बसलेलाच असायचा. मी आतून जरा घासायचो, पॉलिश करायचो, पाच मिनिटांत बसायची. मग ती विचारायची, काय झालं होतं हो? मी सांगायचो. ती म्हणायची, बाई गं! मग काय केलंत?" तो थांबला. "मग काय केलंत, असं मला कुणी विचारलं नव्हतं कधी. मी सांगत सुटायचो. हिरडी कशी आकसते, कवळी कशी हलते. वीस वर्षं जे टेबलावर बोलायचं राहिलं होतं, ते सगळं तिला सांगितलं. तिला दातांतलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, मी हुशार आहे."

सासूबाईंनी डोळे टिपले, आणि या वेळी खरंच टिपायला काही होतं.

"पण कवळ्या परत यायच्या तरी किती?" मॅडमनी विचारलं. "महिन्यातून एखादी?"

"सुरुवातीला."

"आणि नंतर?"

धाकट्यानं आप्पांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "नंतर मी ठेवायचो."

"काय ठेवायचो?" आप्पा म्हणाले. दहा मिनिटांचा नियम त्यांनी तिसऱ्याच मिनिटाला मोडला.

"सगळ्यांचं बघून झालं की, डब्यात भरायच्या आधी, आतल्या बाजूला बारीकसा उंचवटा. हिरडीला टोचेल इतकाच. म्हणजे फोन यायचा."

माणसाला मुलाचं परस्त्रीशी प्रकरण कळतं तेव्हा तो काय करतो, हे आप्पांनी महिन्यापूर्वी दाखवलं होतं: डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला होता आणि 'हे बरं नाही' असं म्हणाले होते. आता ते उभेच राहिले. चेहरा लालबुंद. "मुद्दाम?" ते ओरडले. "आपल्या कारखान्यातून? मुद्दाम टोचणारी कवळी?"

"आप्पा, बसा," मॅडम म्हणाल्या.

"बसू काय! ते रिटायर्ड मास्तर तीनदा परत आले! महिनाभर सूप पिऊन राहिला तो माणूस! मला रस्त्यात भेटून म्हणाला, तुमच्या वडिलांच्या वेळचं काम राहिलं नाही. मी रात्रभर झोपलो नाही. मला वाटलं, प्लास्टर बदललं म्हणून होतंय. मी प्लास्टरवाल्याला शिव्या घातल्या!"

"आणि मला," थोरला म्हणाला. तोही उठला होता. "माल आपटत नेतोस, नीट धरत नाहीस, म्हणून मला घातल्या शिव्या. सहा महिने मी डबा मांडीवर घेऊन गाडीत बसतोय, तान्ह्या पोरासारखा. अरे, तू एकदा तरी सांगायचंस!"

"तुझ्या वेळी तू सांगितलंस का?" धाकटा एकदम म्हणाला. "वहिनी सोडून गेली तेव्हा?"

थोरला हळूच खाली बसला. बाकावर, पण आता टोकाला नाही. "नाही," तो म्हणाला. "टेबलावर सगळे बोलत होते."

आप्पांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे आता माझ्यावर आलं होय सगळं?" ते सासूबाईंना म्हणाले. "तू तरी सांग यांना."

"सांगते की," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या. "चला बाहेर. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि तुम्ही मधे एक अक्षर काढायचं नाहीये. बरंच साठलंय." आप्पांचा हात धरून त्यांनी त्यांना जिन्यावर नेलं, असं त्या जन्मात पहिल्यांदाच नेत होत्या, आणि आप्पा गेलेही. थोरला त्यांच्यामागून गेला. दारात थबकून त्यानं भावाला नुसतं "मास्तरांकडे आपण दोघं जाऊ" एवढंच म्हटलं.

विहीणबाई मात्र उठल्या नाहीत. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"आई, तूही जा," धाकटी म्हणाली.

"जाते. एक सांगते आणि जाते." लेकीकडे न बघता त्या बोलत होत्या. "तुझे बाबाही घसरले होते. तू शाळेत होतीस. ते परत आले, मी दार उघडलं, जेवायला वाढलं. कोण होती, का गेलात, काही विचारलं नाही. मला वाटलं, यातच शहाणपण. ते गेले त्यालाही आता किती वर्षं झाली." त्यांचा आवाज चिरकला. "अजून रोज विचारते गं मनात. उत्तर द्यायला कोणी नाही." मग त्या पटकन उठल्या, मघाशी आपण नेमकं उलट सांगितलं होतं याचं त्यांना काहीच वाटलं नाही, आणि जावयाला म्हणाल्या, "जावईबापू, विचारेल ते सांगा तिला. नाहीतर मीही तुमच्या बाजूनं नाही."

दार लागलं. जिन्यावरून सासूबाईंचा आवाज येत होता, आप्पांचा येत नव्हता.

मॅडम मागे रेलून बसल्या. "आता तुम्ही दोघं. मी गरज पडली तरच बोलेन."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. महिनाभर तिनं त्याच्याशी भांडायची वाक्यं मनात रचली होती. त्यातलं एकही आता कामाचं वाटेना. "मी होते ना रे घरात," ती म्हणाली. "मी विचारलं नसतं का, मग काय केलंस म्हणून? मला का नाही सांगितलंस?"

त्यानं पुन्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिला वाटलं, झालं, बसली दातखीळ. पण तो शब्द शोधत होता.

"तू सकाळी सगळ्यांच्या आधी कारखान्यात जायचीस," तो म्हणाला. "माझ्या कवळ्या काढून बघायचीस. चुकलेलं दुरुस्त करून परत ठेवायचीस. आप्पांच्या हाती पडायच्या आधी."

धाकटी खुर्चीत पुढे सरकली. "तुला माहीत होतं?"

"तुझा हात मला ओळखू येत नाही का? तू ज्या घासायचीस त्या माझ्यापेक्षा गुळगुळीत असायच्या."

"तुला टेबलावर बसायला लागू नये म्हणून करत होते मी. मला बघवायचं नाही तुझं पडलेलं तोंड."

"माहितीय. म्हणून तर बोलता यायचं नाही. टेबलावर सगळे चूक म्हणायचे, ते चालायचं. तू काही न बोलता नीट करून ठेवायचीस. तुझ्याकडे बघितलं की मला वाटायचं, हिला आपण किती कच्चे आहोत ते रोज सकाळी दिसतं. संध्याकाळी हिला काय मोठेपणा सांगायचा? ती दुसरी... तिला काहीच दिसत नव्हतं." त्यानं मान खाली घातली. "दोष तुझा नाही. मी तुला सांगायला हवं होतं, नको करूस म्हणून. मी तिकडे गेलो. ते माझंच आहे."

धाकटीला राग आला. इतका, की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. इतकी वर्षं जे प्रेमानं केलं, त्याचा याला काच होत होता, आणि हा सांगत कुणाला होता, तर रिसेप्शनवरच्या बाईला. आणि त्याच वेळी, रागाच्या अगदी शेजारी, तिला हेही कळत होतं की हा माणूस तिच्याशी इतकी वाक्यं सलग कधीच बोललेला नाही.

"ती आवडायची तुला?" तिनं विचारलं. मॅडम जराशा पुढे झाल्या, पण बोलल्या नाहीत.

"हो," तो म्हणाला.

नाही म्हणाला असता तर ती उठून गेली असती.

मांडीवरचा फोन वाजला. दुसऱ्या गावचा नंबर. तिनं तो वाजू दिला, मग घेतला. "हो," ती म्हणाली. "येते मी. एक तारखेपासून. फक्त गुरुवारी मला सुट्टी लागेल... नाही, दर गुरुवारी. त्याबदली रविवारी काम करीन." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "घरचं काम आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे संपलं?"

"नोकरीचं ठरलं. माझे हात मला थोडे दिवस माझ्यासाठी वापरू देत. आपलं काही ठरलेलं नाही." तिनं डोळे पुसले, ते लगेच पुन्हा भरले. "संपवायचं की नाही, हे मला माहीत नाही. पण आईसारखं मनातल्या मनात विचारत नाही बसणार मी. दर गुरुवारी इथे येईन आणि तुला विचारेन. तू सांगायचं. मला आवडेल असं नाही, खरं असेल ते. मी मधे दुरुस्त करणार नाही."

"आणि तुला त्रास झाला तर?"

"होणारच आहे. तू थांबायचं नाहीस." तिनं खुर्ची ओढली, खिडकीपासून त्याच्या बाकासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. "हं. ती कशाला हसायची, ते सांग आधी."

त्यानं सांगितलं. ऐकताना ती रडत होती. आणि तो, पहिल्यांदाच, न थांबता बोलत राहिला.